खडूची खूण

दोन लग्नतिथींच्या मधे आठ दिवस मोकळे सापडले
की सरगम बँडचे अकरा कोट
चादरीच्या गाठोड्यात माझ्या दुकानात येतात.
लाल टेरीकॉट, खांद्यावर पिवळे गोंडे,
काखेत घाम वाळून मिठाचे नकाशे.

कोटावर नाव नसतं. लागतही नाही.
कफाची कड हिरवटली, तो ट्रम्पेट.
छातीवर काळपट चंद्रकोर, त्या झांजा.
पोटावरची तिन्ही बटणं अर्धी झिजली
तो मोठा ढोल.
खुळखुळ्याचा कोट दरसाल नवाच्या नवा,
त्याला फक्त इस्त्री.

आणि डाव्या मांडीवर, जिथे घेर संपत येतो,
तिथे साइड ड्रम.
कडीचे स्क्रू रोज तीन-तीन तास घासतात.
आधी लव जाते, मग रंग,
मग उभे धागे तेवढे उरतात,
माती गळलेल्या कुडातून
तुऱ्हाट्या दिसाव्यात तसे.

तो कोट बारा वर्षं डोमा खंडारेचा.
मी आतून ठिगळ द्यायची,
कधी सायकलच्या ट्यूबचं, मागच्या खेपेला रेक्झिनचं,
वरून लाल दोऱ्याचा रफू.
बाबाराव मालक कोट उजेडात धरून बघायचा.
दिसलं तर शंभर कापायचा.
डोमाचे. माझे नाही.

यंदा डोमाचे गुडघे गेले
आणि कोट आला पुतण्याच्या अंगावर.
निकेश. वीतभर बुटका.
खांदे आत घेतले, बाह्या दुमडल्या,
पण माझं ठिगळ त्याच्या गुडघ्यापाशी लोंबत राहिलं,
जिथे ड्रम कधी पोचणारच नाही.

"तुह्या कुठं घासते रे?"
"मले काय माहीत, काकू."

मग मी पांढरा खडू घेतला,
कडीला लावला, एकेका स्क्रूला लावला,
बोटानं दाबून.
"घाल कोट. वाजव."
"इथंच?"
"इथंच. वरात समज."

दुपारचे दोन. फाट्यावर कुत्रंही नव्हतं.
पोट्टा वाजवायला लागला, पण कोपर बाहेर काढून,
ड्रम अंगापासून चार बोटं लांब,
चुलीवरचा तापला गंज उतरवावा तसा.
ताल लंगडत होता. खडू होता तिथेच.

"काहून असा धरतं बे?"
"कोट फाटीन ना. मालक पैसे कापते."

पानठेल्यामागून आवाज आला.
डोमा तिथे खाटेवर पाय पसरून होता,
मला दिसलाच नव्हता.
"मांडीले लागू दे त्याले. लागल्याबिगर बोलत नाही तो."

मी म्हटलं, "टेकव.
कापडाचं माह्याकडे."

त्यानं टेकवला.
काडी चामड्यावरून उडाली
आणि पहिल्यांदाच आपली आपण परत आली.
टेबलावरची कात्री थरथरत सरकली, बटणांचा डबा वाजला,
चक्कीतून पिठाच्या हातांची सुभद्रा बाहेर आली,
"कोणाची वरात वं, ह्या उन्हात?"
निकेशला ऐकू गेलं नाही.

थांबला तेव्हा लाल कापडावर
कमरेखाली वीतभर, चार पांढरे ठिपके
आणि एक वाकडी, तुटक रेघ.
हात फिरवावासा वाटला. फिरवला नाही,
पुसलं असतं. टाचण्या लावल्या.

खालचं जुनं ठिगळ उसवलं.
रेक्झिन अजून धड होतं, कशाला वाया घालवा.
डोमा बघत होता, बोलला काहीच नाही.
ठिगळ निघालं तशी
बारा वर्षांच्या टाक्यांची भोकं उघडी पडली,
दाराकडे धरलं तर उजेड येतो.
बाबारावला काय सांगायचं ते बघू.
तिथे आता काही घासत नाही.

वरचा टाका घालणार तोच आठवलं,
वरात काही उभी राहत नाही.
"निकेश, घाल परत.
टाकीपर्यंत वाजवत जा अन् वाजवत ये.
थांब, खडू लावू दे."