पाण्यात पाहणे

तेगवेनच्या परसामागे, पाणथळ गवताच्या बुडाशी
तो सुरू होतो. सुरू होतो म्हणायचं, एवढंच.
बूट उचलला की ठशात पाणी गोळा होतं,
ठसा भरून खालच्या ठशात उतरतं.
नकाशात त्याला नाव नाही.
वेल्श लोक ओढ्याला नांत म्हणतात,
ती नुसतं नांत म्हणते,
घरात एकच पोर असलं की 'पोर' म्हणतात तसं.

दोन शेतांची हद्द तोच.
अलीकडे तेगवेन, पलीकडे इल्टुड.
एका मेंढीवरून बोलणं तुटलं, त्याला एकोणीस वर्षं झाली.
मेंढी तर तेव्हाच म्हातारी होती.
तेव्हापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात
आणि खरंच पाहतात:
कुंपणाची तार ओढायला वाकलं
की समोरच्याची टोपी उलटी,
शेवाळल्या दगडांवर थरथरत.

खाली वळणावर गिरणीचा ओढा मिळतो,
कोऱ्या चहाच्या रंगाचा.
मग चॅपलमागचा, जो उन्हाळ्यात नसतोच.
पुलाखालून तिघं एकदम जातात तेव्हा
तू कुठला, असं कोणी कोणाला विचारत नाही.
पुढे तायवी नदी,
पाठीवर होडी घेऊन चालणारी माणसं
लांबून कासवांसारखी दिसतात,
आणि त्याही पुढे खारं पाणी.

नोव्हेंबरच्या पुरात नांत सरकला.
रात्रीतून आठ पावलं, इल्टुडच्या कुरणात.
जुन्या पात्रात एक डबकं राहिलं, आणि डबक्यात
समुद्रातून अंडी घालायला आलेली
हातभर लांबीची ट्राउट,
पाठ उघडी, कल्ले उपसत.

तेगवेन गुडघ्यांवर बसली. मासळी दोनदा निसटली.
तिसऱ्यांदा शेपटीकडे
दुसरे दोन हात आले, नखांत काळी माती.
"नीट धर."
"धरलीय."
आठ पावलं चालायला त्यांना बराच वेळ लागला.
प्रवाहात तोंड वर करून धरली,
हातातल्या हातात तिचं बळ परत येईपर्यंत.
मग ती गेली.
दोघं बघत राहिले, पाण्यात.
पाणी गढूळ होतं, कोणाचीच टोपी दिसली नाही.

मोजणीवाला मार्चमध्ये यायचा आहे.
मधली आठ पावलं कोणाची, ते तोवर कोणी बोलणार नाही.
इल्टुड खाकरला, पण नुसताच.
तेगवेनने बाही पिळली.
पाणी पुन्हा त्यातच पडलं.