पावणेपाचची फेरी

बांबोळीच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
नळी तोंडात देऊन ती बाई म्हणते,
फुंका काका, फुंका, अजून, अजून, अजून...
चाळीस वर्षं हेच तर केलं,
तेव्हा कोणी असं कौतुकानं ओरडलं नाही.

कागदावर रेघ उठते आणि लगेच बसते,
ओहोटीच्या वेळी रायबंदरच्या धक्क्यावर
फेरीचा पत्रा आपटावा तशी.

सगळ्यांकडे माझ्यासाठी दम आहे.
डॉक्टर देतात, सुलक्षा फोनवरून देते.
रुक्मा काही बोलत नाही,
माझे शर्ट भिजत घालण्याआधी
फक्त एकदा नाकाला लावते.
माझ्याकडेच तेवढा दम नाही.
चोडणच्या चढावर पदेराची सायकल मला मागं टाकते,
मी गडग्याला हात टेकून
आंब्याचा मोहोर बघत असल्यासारखा उभा राहतो.
ऑगस्टमध्येसुद्धा.

डॉक्टर म्हणाले होते,
गेलेलं फुप्फुस परत येत नाही,
उरलेलं राखायचं.
मी पहिलंच वाक्य घरी आणलं.
दुसरं बहुधा बसमध्ये राहिलं.
परत येत नाही ना, मग आता सोडून काय?
फार सोयीचा हिशेब. रोज सकाळी मांडतो,
रोज बरोबर येतो.

याच्या खाली आणखी एक हिशेब आहे, तो मांडत नाही.
सोडली, आणि खरंच चार पावलं जास्त चालता आलं,
तर मग हे सगळं तिनंच केलं, असं ठरणार.
म्हणजे मी केलं.
सध्या मी इंजिनाच्या डिझेलला धरतो,
मांडवीतून गेलेल्या बार्जींच्या लाल धुळीला धरतो.
दोघंही निमूट उभे राहतात आरोपीसारखे.

रात्री तीनला छातीत बोट रुतते गाळात.
पंप घेतो. दोनदा. दहा मोजतो.
श्वास येतो, भीती जात नाही.
भीतीचा पंप अजून निघालेला नाही.
मग मागच्या दारी, तुळशीकडे पाठ करून,
जिनं घर पेटवलं
तिच्याच दारात कळशी घेऊन जातो.

आणि कायतान.
तो इंजिनावर, मी दोरावर, सत्तावीस वर्षं.
पावणेपाचला पलीकडे गाड्या चढेपर्यंत
तो वर यायचा, चिंधीला हात पुसत,
पात्रांव, उजो आसा?
काडी एक, विड्या दोन,
मध्ये खारफुटीचा वास, आणि बोलणं जवळपास काहीच नाही.
त्याच्या पेटीत कोणी रोजरी ठेवली.
मी काडेपेटी ठेवणार होतो,
इतक्या माणसांत हात पुढे झाला नाही.
ती माझ्याकडेच आहे.
आता पावणेपाचची सोडायची म्हणजे
त्याला दुसऱ्यांदा पुरायचं.

हे त्या बाईला सांगितलं नाही.
एवढंच म्हणालो, अजून ओढतो.
चार वर्षं "सोडली" म्हणत होतो, ते आज तोंडातून निघालं नाही,
फुंकून फुंकून खोटं बोलायलाही वारा उरला नव्हता.
वाटलं, आता हीसुद्धा दम देणार.
ती पेन उघडत म्हणाली, किती वाजता?

किती, असं सगळ्यांनी विचारलेलं.
किती वाजता, असं कोणी नाही.
सकाळी दूध आणल्यावर, म्हणालो.
रात्री तीनला.
आणि पावणेपाचला, फेरी पलीकडे असते तेव्हा.
तिनं तिन्ही वेळा लिहून घेतल्या,
औषधांच्या लिहितात तशा.

आज धक्क्यावर आलो.
विडी ओठात. कायतानची काडेपेटी खिशातून काढली,
काड्या सर्दावलेल्या, तिसरी पेटली.
हाताच्या आडोशाला धरून बघत राहिलो.
समोर फेरीनं दोर सोडला, वळली,
ज्योत खाली सरकत नखाशी आली, मी टाकली पाण्यात.
विडी तशीच, कोरडी.

पेटीत आणखी अकरा काड्या आहेत.
पुढच्या घटकेचं माहीत नाही.
सुलक्षाला यातलं काही सांगणार नाही,
ती लगेच पेढे वाटेल.
त्या बाईला सांगेन.
वेळेसकट.