वीतभर

महापेला आमचा मजला चौथा,
खिडकीत पारसिकचा डोंगर, अर्धा पोखरलेला,
आणि टेबलावर तो फोन.
कडा अशा गुळगुळीत की तन्वीर दळवी म्हणाला,
नदीतला गोटा आहे हा, फक्त चार्ज करावा लागतो.

कंपनीनं वाशीच्या हॉटेलात बोलावलं होतं.
पनीर टिक्का, टीशर्ट, फोन फुकट.
स्टेजवरचा माणूस म्हणाला, अ‍ॅप बनवा,
दुनिया तुमची वाट बघतेय.

दुनियेचं माहीत नाही. वाट आम्ही पाहिली.
सर्टिफिकेटची, अकरा दिवस.
एम्युलेटर उघडण्याची: तेवढ्यात खाली जाऊन
टपरीवर कटिंग पिऊन,
टपरीवाल्याच्या मुलीचे दहावीचे टक्के विषयवार ऐकून
वर यावं, तरी पडद्यावर तेच गोल गोल फिरणं.
मदतीच्या पानावर लिहिलेलं, हे पान लवकरच येईल.
आणि काही अडलं की एकच वाक्य:
काहीतरी चुकलं आहे.

काहीतरी.
डॉक्टरनं नाडी धरून म्हणावं तसं.

कोपरखैरण्याला घरी येऊन मी चिडचिड करायचे.
दादा ऐकायचे, कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून.
एकतीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात माथाडी,
अ‍ॅप म्हणजे काय ते त्यांनी कधी विचारलं नाही.
एकदा मध्येच म्हणाले,
"तिसऱ्या लाईनीला एक गाळा होता.
आत संगमरवर, एवढा मोठा देवीचा फोटो.
पण धक्का वीतभर खाली बांधलेला.
ट्रकचा फाळका पाडला की मध्ये पायरी पडायची,
दर गोणीला एक जादा वाक.
शेठ सगळ्यांना विचारायचा, माझ्याकडेच माल का येत नाही?
आम्हाला सोडून सगळ्यांना.
आम्ही पण बोललो नाही. ड्रायव्हरला नुसतं म्हणायचो,
पुढे घे."

तन्वीरनं महिन्याभरात तेच केलं.
दुसऱ्या फोनसाठी बांधायला घेतलं सगळं,
आणि पहिल्याच संध्याकाळी चूक झाली.
पडद्यावर आलं:
तेविसाव्या ओळीत कंस उघडलात, मिटला नाहीत. इथे का?
खाली एक छोटा बाण.
मी त्या बाणाकडे बघत बसले.
कुठल्यातरी गावात कुणीतरी
माझ्या वाट्याची रात्र आधीच जागून ठेवली होती.

गोट्यासारखा फोन बंद झाला तेव्हा पेपरात कारणं आली:
किंमत, जाहिरात, उशीर.
वीतभराचा उल्लेख नव्हता.
माझा फोन खणात आहे. कॅमेरा अजून सुंदर काढतो.

आणि दादांच्या ओळखीच्या पोपटशेठकडे
वजनाचा प्रोग्राम बावीस वर्षांचा,
लिहिणारा मुलगा कॅनडात.
काँप्युटर तीनदा बदलला, दर वेळी शेठनं उदबत्ती लावली,
आणि प्रोग्राम उघडला,
जुना भाडेकरू गावाहून परत येऊन
दारात किल्ली फिरवून बघतो तसा.
कुलूप कुणी बदललेलं नव्हतं.
पोपटशेठला वाटतं, उदबत्तीमुळे.

आता मी ऐरोलीला मदतीची पानं लिहिते.
दुसरे लोक ज्यावर अ‍ॅप बांधतील, त्याची.
परवा सगळ्या पानांतून एक शब्द काढून टाकला: 'सोपं'.
ज्याला जमत नसेल, तो नेमका त्या शब्दावर
लॅपटॉप मिटतो. मी मिटलेला आहे.

काल शहाद्याहून एका मुलीनं कळवलं,
तुमची पहिलीच पायरी चालत नाही.
तिच्यासारखं जुनं मशीन शोधून लावलं.
खरंच चालत नव्हती.
रात्री दीडपर्यंत बसून नीट केली, तिला लिहिलं,
घरी येऊन दादांना उठवून सांगितलं.

त्यांनी पिशवी जरा वर सरकवली.
"कोरड्या गोणीनं बघितलंस," म्हणाले,
"ओलीचं वजन वेगळं असतं."
आणि कूस बदलली.