पडायची उंची

आमचं गाव पाटीच्या दगडाचं.
छपरं पाटीची, कुंपणं पाटीची,
कबरींवरची नावंही पाटीतच कोरलेली,
आणि शाळेमागे खाणीतल्या टाकाऊ चुऱ्याचा डोंगर,
ओला झाला की शिशासारखा चकाकणारा.
वेल्समध्ये तो बहुतेक दिवस ओलाच असतो.
एवढा दगड फुकट पडलेला,
मऊपणा मात्र विकत आणायचा होता.

ग्रामपरिषदेची कारकून मी, तेगवेन.
चॅपलच्या मागच्या खोलीत, हीटरला पाठ लावून
मी टेबलावर नमुने मांडले, रुखवत मांडावं तसे:
वाळूची पिशवी, गोल खडी,
रबराची लाल लादी,
लाकडाच्या ढलप्या, चिकाचा वास अजून न गेलेल्या.

वाळू नको, मुख्याध्यापिका नेरिस म्हणाली,
मांजरांची आयती सोय,
आणि जानेवारीत गोठली की
तिच्यात आणि रस्त्यात फरक काय?
खडीही नको. धाकटी पोरं नाकात घालतात.
तिच्याच पोराच्या नाकातून निघालेला एक खडा
तिने डबीत जपून ठेवलाय, दाखवायला.
रबर सगळ्यांना आवडलं.
हातोहात फिरलं, दाबून पाहिलं गेलं.
मग मी आकडा वाचला
आणि हात आपापल्या खिशात गेले.

उरल्या ढलप्या.

इयोर्वर्थ तोवर गप्प होता.
वय एकोणऐंशी. त्यातली तेवीस वर्षं
मांडीला साखळी गुंडाळून कड्यावर लटकलेली.
त्याने विचारलं, "किती उंचीवरून?"
"दोन मीटर चाळीस. शिडीचा वरचा दांडा."
"आणि खाली?"
"तीस सेंटिमीटर."
त्याने अंगठा आणि करंगळी ताणली,
टेबलाच्या कडेवर मोजलं.
"दीड वीत," म्हणाला. "बस्स, दीड वीत."

ओवेनचं नाव कुणी घेतलं नाही.
त्याच्या भावाची पडायची उंची
माझ्या तक्त्यात कुठेच बसत नव्हती.
नेरिसने चहा ओतला,
साखर विचारायची राहून गेली.

मग हिशेब.
बारा मीटर लांब, नऊ रुंद, म्हणजे एकशे आठ.
त्याला तीस सेंटिमीटरने गुणलं
की बत्तीस पूर्णांक चार घनमीटर.
पण ढलप्या दबतात, कुजतात,
बुटांतून, मोज्यांतून घरोघरी जातात,
म्हणून पाव हिस्सा वर धरायचा.
झाले साडेचाळीस.
एका ट्रकमध्ये मावतात वीस.
दोन ट्रक, आणि वर अर्धा घनमीटर,
ज्यासाठी कुणी घाट चढून येणार नाही.
मी तो अर्धा खोडला.
इयोर्वर्थने माझ्या हातातून पेन्सिल घेतली
आणि शेजारी पुन्हा लिहिला.
"नेमका तोच कमी पडतो," म्हणाला.

एप्रिलात ट्रक आले. दोनच.
तिसऱ्या दिवशी पाहते तर
फाटकाशी नऊ गोण्या, त्याच ढलप्यांच्या,
त्याच कारखान्याचा शिक्का असलेल्या.
परिषदेकडून पैसे मिळतील, पावती द्या, म्हटलं,
तर म्हणाला, पावसात भिजली.
आणि शिडीच्या चारही खांबांवर
त्याने खिळ्याने एकेक रेघ ओढली होती,
एका हाताची, सरळ,
दगड फोडायच्या आधी ओढतात तशी.
इथवर भरलेलं असलं पाहिजे.

आता दर शुक्रवारी तो दाताळं घेऊन येतो.
झोक्याखाली पोरांच्या पायांनी उकरलेला खळगा असतोच.
शिडीपाशी रेघ चार बोटं उघडी पडलेली.
तो कडेचं ओढून मध्ये आणतो, पायाने दाबतो,
लांब होऊन बघतो, पुन्हा थोडं ओढतो.
सोमवारी दुपारपर्यंत खळगा परत तयार.
माली वरच्या दांड्यावरून निसटते,
पाठीवर आपटते,
कुणी पाहिलं का ते आधी बघते,
आणि केसांत ढलप्या घेऊन तशीच रांगेत जाते.

काल तिने विचारलं, ही रेघ कशाची?
तो बराच वेळ खांबाकडे बघत राहिला.
"पूर आला होता," म्हणाला. "इथवर."
तिने बुटाचं टोक रेघेला लावून पाहिलं
आणि शिडी चढू लागली.