विलंबाचे कारण

जुन्या इमारतीतून कसबा बावड्याला आलो
तेव्हा टेम्पोत माझ्या मांडीवर होती ती पुडी:
मुद्देमाल क्रमांक अठ्ठ्याऐंशी, सन दोन हजार सहा,
चांदीचे वाळे, एक जोड, वजन साडेचार तोळे.
खाकी कापड, सुतळी, लाख,
आणि लाखेत कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा,
शिक्का मारायच्या घाईत पडलेला.

फिर्यादी पारिसा चौगुले, राहणार हुपरी, धंदा चांदीकाम.
नातीसाठी घडवले. बारशाच्या आदल्या रात्री गेले.
पोलिसांनी तिसऱ्या दिवशी शोधून आणले,
हे मानलं पाहिजे.
चोराकडे तीन दिवस.
आमच्याकडे अठरा वर्षं.

वाळे परत मिळावेत असा अर्ज त्यांनी लगेच केला होता.
कडेला शेरा: सरकारी वकिलांनी म्हणणे द्यावे.
म्हणणे आले नाही.
साहेब बदलले. खाली नवी शाई: म्हणणे आले का?
पुन्हा बदलले. मग कुणी विचारलंही नाही.
दारावरच्या पाट्या बदलत गेल्या,
भिंतीतले स्क्रू तेच.

हुपरीची एसटी, मग केएमटी,
साडेदहाला पारिसाआण्णा बाकावर.
शेजारी आरोपी नंबर एक, सर्जेराव.
पहिली दोन वर्षं दोघं एकमेकांकडे पाठ करून.
पुढं पुढं एकाला उशीर झाला
की दुसराच शिपायाला सांगायचा,
"थांबा की वाईच, गाडी चुकली असंल त्याची."

सर्जेराव पुराच्या साली गेला. कावीळ.
आरोपी क्रमांक एक मयत, त्याच्यापुरता खटला बंद.
एवढं एक काम आम्ही त्याच आठवड्यात उरकलं.

मग या नव्या मॅडम आल्या.
पाच वर्षांवरील खटल्यांचा तक्ता पुढ्यात घेतला.
रकाना सात, विलंबाचे कारण,
वरपासून खालपर्यंत माझंच अक्षर:
प्रशासकीय, प्रशासकीय, वरीलप्रमाणे.
"खरं काय ते लिहून आणा," म्हणाल्या.

शनिवारी थांबले. रोजनामा काढला,
ओळीवर बोट ठेवून वाचत गेले.
एकूण तारखा एकशे सेहेचाळीस.
आरोपीमुळे गेल्या नऊ.
फिर्यादीमुळे एक: बायको सीपीआरला होती.
वकिलांच्या चौतीस. पोलीस साक्षीदार आला नाही, एकवीस.
उरल्या एक्क्याऐंशी.
त्या आमच्या.
साहेब रजेवर. साहेब प्रशिक्षणास.
साक्षीदार हजर, वेळेअभावी पुढे.
समन्स काढले नाही,
ही नोंद सात वेळा,
आणि सातही वेळा अक्षर माझं.

मी तेही लिहिलं.
मॅडमनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला,
बोलल्या काहीच नाहीत.
चार महिन्यांत खटला संपवला.
आरोपी नंबर दोन निर्दोष. पुरावा जुना झाला होता,
पंचाला पंचनाम्यावरची स्वतःची सही ओळखता आली नाही.
माझा कागद त्यांनी तक्त्याला जोडून वर पाठवला.
परत आला. विहित नमुन्यात नाही.
रकाना सातमध्ये एकच शब्द बसतो.
तोच बसवला.

काल पारिसाआण्णा वाळे न्यायला आले.
काठी टेकत, सोबत नात,
खांद्याला लॅपटॉपची बॅग, डोळा घड्याळाकडं.
मी लाख फोडली. कापड उलगडलं.
आत दोन काळी वेटोळी,
तिच्या दोन बोटांत जेमतेम जातील एवढी.

मला काय बोलावं सुचेना.
म्हटलं, "ठेवून ठेवून काळी पडली, आण्णा."
त्यांनी अंगठ्यानं एक वाळा घासला,
खिडकीकडं धरला, धंद्यातल्या माणसासारखा.
"खरी हाय म्हणून पडली, बाई.
रिठ्याच्या पाण्यात टाकली की निघंल.
खोट्या मालाला काय हुईत न्हाई,
किती बी ठेवा."

पावतीवर सही केली. सावकाश, पूर्ण नाव.
मी रजिस्टर ओढलं, नोंद बंद केली,
आणि पान उलटताना नजर गेली
रकाना सातवर.
अठरा वर्षांची शाई.
लख्ख.