कोरलेलं नाव

दहीपुलाच्या उतारावर
मुर्तुजाभाईंच्या काचेत ते आडवं पडलेलं,
साडेचारशेचं, दीडशेला.
"एवढं कमी का हो?"
त्यांनी टोपण फिरवून दाखवलं :
इंदुमती स. गायधनी.
"नाव कोरून घेतलं, अर्धे पैसे भरले,
न्यायला कुणी आलंच नाही."

निब दौतीत बुडवून त्यांनी पुढे केलं.
पाठकोऱ्या बिलावर आधी रेघ ओढली,
मग आठाचा आकडा, मग सही.
कुठे अडलं नाही, कागद खरवडला नाही.
शाई आली पहाटेच्या नळासारखी,
फक्त खाकरली नाही.

घरी, नाशिकरोडला,
किराण्याची यादी केली : पोहे, गूळ, काड्यापेटी.
तीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे नंबर तपासले,
स्वतःचं अक्षर असं ओलं, चमकतं
कधी बघितलंच नव्हतं.
यादी संपली तरी हात थांबेना.
दुधाचा हिशेब. मीटरचं रीडिंग. पोह्यांपुढे उगाच 'जाड'.

मग पान उलटून
तिचं नाव लिहिलं, पूर्ण.
'ती'ची वेलांटी जरा जास्तच भरली.
वाळेपर्यंत
टोपण लावलं नाही.