मागचं टायर

विजेच्या बिलामागं लिहून नेलं होतं मी:
एकोणतीस इंच. सव्वादोनच्या वर जाड. काट्याला दाद न देणारं.
इस्राईलभाईनं कागद चष्म्याजवळ नेला
आणि पान्याखाली उलटा ठेवला.
"चालवता कुठं मॅडम, ते सांगा पह्यले."

सांगितलं.
परतवाडा सोडला की सुटा मुरूम,
सांडलेल्या ज्वारीसारखा चाकाखालून पळणारा.
मग धुऱ्याची काळी माती.
मग चढ, आणि सागाखालचा पाचोळा, पापडासारखा वाजतो
पण खाली दगड आहे की खड्डा, ते सांगत नाही.
बाभूळ तर काय, घरचीच.

"आन् फाटलं कुठं?"
"बाजूला."
त्यानं माझ्या जुन्या टायरच्या चिरेत बोट घातलं,
डॉक्टर घशात पाहतो तसं.
"मंग काटा तुमचा दुश्मन नोय.
काट्यासाठी आत दूध टाकून देतो, रुईच्या चिकावानी,
भोक पडलं का आपलं आपण बुजते.
तुमाले दगड खाते. काळा दगड फुटला का ब्लेडावानी फुटते.
बाजू जाड घ्या. वजन वाढन. वाढू द्या."

तीन टायरं खाली उतरली.
मला लाल पट्ट्याचं आवडलं होतं, ते त्याला कळलं.
"टायर म्हणजे काई जावई नोय, दिसण्यावर घ्याले."
अंगठ्याचं नख त्यानं एकेका दातात रोवलं.
एकात वण राहिला:
"हे दगडाले धरते. पण दिवाळीलोक टक्कल."
दुसऱ्यावरून नख घसरलं:
"हे तुमच्या पोरीच्या लग्नालोक जाईन,
पण ओल्या दगडावर तुमाले ओळख देणार नाही."

मी दात मोजत बसले.
दाट असले तर काळी माती आत बसते,
चाकाचा लाडू होतो, ढकलत आणावी लागते सायकल;
विरळ असले तर डांबरावर गुरगुरतात.
बँकेत रोज कर्जाची कागदं पाहते मी,
इतका वेळ कुठल्याच कागदाला दिला नसेल.

शेवटी पुढं मऊ, मागं कडक.
पुढचं वळतं, मागचं सोसतं.
घरी निम्मी किंमत सांगितली.
तरी सासूबाईंचा घास हातातच राहिला.

जुनं टायर दुकानाबाहेर टेकलेलं.
बाजारातून परतणारी फुलवंती बेठेकर थांबली,
पायानं दाबून पाहिलं. "पडीक हाय का?"
हो म्हटलं. तिनं ते खांद्यात अडकवलं
आणि जीपच्या टपावर चढवून दिलं.

तिसऱ्या रविवारी, नाल्याच्या उतारावर
शेवाळलेला एक दगड.
पुढचं चाक धरून राहिलं,
मागच्यानं खरंच ओळख दिली नाही.
पाय टेकवला, बुटाला तळ सापडला नाही,
आणि मी पाण्यात, सायकल मांडीवर.

वरून गवताचा भारा घेऊन फुलवंती आली.
त्याच दगडावर पाय देऊन
सरळ पलीकडे.
मग वळली, भारा खाली टाकला, हात दिला.
तिच्या पायात टायरच्या चपला,
तळव्याला झिजलेले दात, कडेला कंपनीचं अर्धं नाव.
उरलेलं अर्धं दुसऱ्या पायात असावं.

"कशा झाल्या?"
तिनं पाय उचलून दाखवला.
"पट्टा काचते. बाकी बरं."

मी मागच्या चाकाशी बसले,
वाल्व्हची टोपी दातात धरली
आणि हवा सोडू लागले,
थोडी, मग अंगठ्यानं दाबून अजून थोडी.
फुलवंती कमरेवर हात ठेवून पाहत होती.

"भरलेली सोडून देता?"
"जास्त झाली होती."